धोंड्याच्या महिन्यातलं फुल हाऊस

भुजंगरावांच्या लेकीच्या, वंदनाच्या लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना श्रावणाला जोडून आला, त्या सालची ही गोष्ट. आकड्यात सांगायचं तर दोन हजार तेवीस; पण बदनापूरच्या त्या गल्लीत ते साल 'भुजंगरावाचे जावई पत्ते खेळले ते साल' म्हणूनच ओळखलं जातं.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. तो तीनेक वर्षांनी एकदा येतो आणि सासऱ्याची परीक्षा घेऊन जातो. एरवीचा जावई हा जावईच असतो, म्हणजे चहा थंड झाला तर रुसणारा साधा माणूस. पण त्या महिन्यात तो नारायण होतो. त्याला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर पेटता दिवा ठेवून वाण द्यायचं, पाया पडायचं. नारायणाला नाही म्हणायचं नाही आणि त्याला कमीपणा येईल असं काही करायचं नाही. एवढं सगळ्यांना पाठ असतं. मात्र नारायण पत्ते पिसायला बसला तर काय करायचं, हे कुण्या भटजीनं आजवर सांगितलेलं नाही. सगळा घोळ तिथंच झाला.

भुजंगराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. रविवारी दुपारी स्टेशनाकडच्या लिंबाखाली तीन पत्ती खेळायची, हा त्यांचा एकच शौक. त्यातही खेळण्यापेक्षा पानं टाकण्याबद्दलच त्यांची ख्याती जास्त. हलकं पान आलं की ते विंचू झटकावा तसं झटकून मोकळे व्हायचे. लोक हसायचे. "भुजंगराव, पानं उचलता कशाला? वाटतानाच परत देत जा," असं गिरणीवाले भागवत त्यांना तोंडावर म्हणायचे. भुजंगरावांना त्याचं वाईट वाटत नसे. त्यांचं म्हणणं असं, की चाल कुणीही लावतो, बैलही शिंगं लावतोच. पण वेळेवर पान टाकायची अक्कल देव थोड्यांनाच देतो. हरलेलं पान टाकायला ते कधी कचरले नाहीत. जिंकलेलं पान मात्र जन्मात कधी टाकलं नव्हतं. हा त्यांचा अभिमान होता, आणि तो कुणाला सांगण्यासारखा नसल्यामुळं फारच जपलेला होता.

जावई कल्याणराव मूळचे धावड्याचे. चाकणला गाडीचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होते आणि लग्नाच्या आधीच पर्मनंट झालेले. ते पर्मनंट झाले म्हणून तर हे लग्न झालं होतं. ते वंदनाला घेऊन आठ दिवसांच्या रजेवर आले. पहिल्या दिवशी धोंडे झाले, वाण झालं, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. टीव्ही बंद, पंखा बंद. ओसरीवर सासरा आणि जावई समोरासमोर बसलेले. पाऊसपाणी, सोयाबीन, रस्त्याचं काम, असं सगळं बोलून संपलं. सासऱ्या-जावयाचं बोलणं तसंही चुलीतल्या पाचटासारखं असतं, भडकन पेटतं आणि लगेच विझतं.

तेव्हा कल्याणरावांना कोनाड्यातला पत्त्यांचा जोड दिसला.

"मामा, पोकर येतो का?"

भुजंगराव म्हणाले, "तीन पत्ती येती."

"तीन पत्ती म्हणजे नशीब. पोकर म्हणजे डोकं," कल्याणराव म्हणाले आणि शिकवायला बसले. हातात दोन पानं, ती आपणच बघायची. खाली पाच पानं, ती सगळ्यांची. सातातून चांगली पाच जुळवायची. भुजंगरावांना ते जल्दी समजलं. अडलं ते पुढंच.

"आणि चालीला हद्द नाही," जावई म्हणाले. "नो लिमिट. मनात आलं की समोर असेल ते सगळं एका दमात पुढं ढकलायचं. ऑल इन."

"सगळं?"

"सगळं."

"अन् समोरच्यानं काय करायचं?"

"त्यानं पण सगळं लावायचं, नाहीतर पानं टाकायची."

भुजंगरावांनी गंभीरपणे मान हलवली. हद्द नसलेला कोणताही कारभार त्यांना पटत नव्हता. एसटीतसुद्धा उभे प्रवासी किती घ्यायचे याची हद्द असते. ती कुणी पाळत नाही ही गोष्ट वेगळी.

पैसे लावायचा प्रश्नच नव्हता. जावई घरात आहे, महिना पवित्र आहे. पोत्यातून ओंजळभर सोयाबीन काढून वाटून घेतलं. पहिल्याच डावाला भुजंगरावांच्या हातात दोन एक्के आले. कल्याणरावांनी सगळं सोयाबीन पुढं ढकललं आणि उगाचच विचारलं, "काय मामा, इकडं पाऊस कसा काय यंदा?"

भुजंगरावांचा हात सोयाबीनकडं गेला. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोनं, उषाबाईंनी भांडं आपटलं. त्या घरात भांड्याची एक भाषा होती, आणि हे भांडं 'आत या' असं म्हणत होतं.

"काय करून राह्यलात?" उषाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"खेळून राह्यलो."

"पाव्हण्याला हरवून राह्यलात."

"सोयाबीनच हाय ते, उषा."

"सोयाबीन असू द्या न्हाई तर माती. काल ज्याच्या पाया पडलात त्याला आज हरवता? लोकाइला कळलं तर तोंडात शेण घालतील. धोंडे खाऊ घातले अन् पत्त्यात लोळवलं म्हणतील."

भुजंगराव बाहेर आले, बसले आणि दोन एक्के उलटे खाली ठेवले. विंचू झटकण्याची सफाई त्यात नव्हती.

"बरं केलंत," कल्याणराव सोयाबीन ओढून घेत म्हणाले. "माझ्याकडं मोठं पान होतं. तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तुम्ही घाबरलात."

तीस वर्षं ज्यानं नुसत्या चेहऱ्यावरून फुकटे प्रवासी उतरवले, त्या माणसाच्या चेहऱ्यावर म्हणे दिसत होतं. भुजंगरावांनी पाणी मागितलं.

दोघांत रंगत येईना म्हणून दुसऱ्या दिवशी भागवत आले, आणि समोरच्या द्वारकाबाई आल्या. द्वारकाबाईंचा पत्त्यात हात असा, की लिंबाखालच्या मंडळींनी त्यांना बाईमाणूस म्हणून नव्हे तर भीतीपोटी दूर ठेवलं होतं. उषाबाईंनी दोघांनाही उंबऱ्यातच गाठलं.

"गावचा जावई हाय," त्या म्हणाल्या. "एवढंच ध्यानात ठेवा."

"त्यात काय सांगावं लागतंय, वहिनी," भागवत म्हणाले. खरोखरच त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. एका घरचा जावई हा सगळ्या गल्लीचा जावई. त्याच्यापुढं आवाज चढवत नाहीत, त्याच्याकडून चहाचं बिल घेत नाहीत, आणि आता त्यात तिसरी भर पडली.

मग जो खेळ सुरू झाला तसा पोकर जगात कुठं झाला नसेल. कल्याणरावांनी सोयाबीनला हात लावायचा अवकाश, की तीन माणसं पानं टाकून मोकळी. आधी टाकायच्या मानापायी घाई व्हायला लागली. द्वारकाबाई तर पानं न बघताच टाकायच्या. बघितल्यावर मोह होतो, असं त्या नंतर म्हणाल्या. एका डावात तिघांनीही कल्याणरावांच्या आधीच टाकली. तेव्हा ते म्हणाले, "अहो, मी अजून काही लावलंच नाही," आणि भागवत म्हणाले, "तुमच्या बसण्यावरूनच समजलं, पाव्हणे."

ही बातमी गल्लीत फिरली. बघे जमले. कल्याणराव हळूहळू खेळता खेळता समजावूनही सांगायला लागले. समोरच्याच्या मनावर दाब कसा टाकायचा, हातात काही नसताना सगळं कसं ढकलायचं, त्याला ब्लफ म्हणतात, आणि तो येरागबाळ्याला जमत नाही. हे सांगताना ते सासऱ्याकडं बघायचे. भुजंगरावांनी त्या दिवसांत तीन दश्श्या टाकल्या, एकसलग पाच पानं टाकली, एकाच रंगाची पाच टाकली. रात्री जेवण जाईना. वैऱ्यापुढं हरणं त्यांना माहीत होतं. पण जिंकलेल्या माणसानं हरून वर शिकवणी ऐकायची, हे नवीन होतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली होती. कल्याणरावांच्या हातात खरंच पान असलं की ते गप्प असायचे. नसलं की पावसाची चौकशी करायचे. बिनतिकिटाचा माणूस असाच असतो. तो कंडक्टरला स्वतःहून विचारतो, काय मास्तर, आज गर्दी फार?

चौथ्या दिवशी ठाण्यातून जमादार आले. कुणीतरी फोन केला होता की अमुक गल्लीत ओसरीवर जुगार चालतो. जमादारांनी मोटरसायकल लावली, टोपी नीट केली आणि मध्यभागी पडलेल्या ढिगाकडं बघितलं.

"हे काय हाय?"

"सोयाबीन," भुजंगराव उभे राहून म्हणाले.

"सोयाबीनला बाजारात भाव हाय का न्हाई?"

"हाय."

"मंग भाव हाय त्यो पैसाच झाला."

 ज्याच्या छातीवर तीस वर्षं कंडक्टरचा बिल्ला होता त्या माणसाच्या घरात खाकी वर्दी अशी शिरावी, तीही जावयासमोर. भुजंगराव घाईनं म्हणाले, "चिंचोके घेतो, साहेब. लगेच बदलतो."

"चिंचोक्याला जालन्यात व्यापारी हायेत," भागवत मदत करायला म्हणून म्हणाले.

"लिंबोळ्या?"

"त्या औषधवाले नेत्यात."

"मंग खडे घ्या अंगणातले," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि स्वतःच थोडा विचार करून पुढं म्हणाल्या, "पर खडी तर ब्रासच्या भावानं जाती."

सगळेच विचारात पडले. ज्याला भावच नाही अशी वस्तू बदनापुरात शोधून सापडेना. जमादार कायद्याला धरून होते, तरी त्यांनाही काही सुचेना. शेवटी त्यांनी विचारलं, "खेळवतंय कोण?"

"आमचे जावई," भुजंगराव म्हणाले. "पहिल्या धोंड्याला आलेत."

जमादारांचा चेहरा बदलला. त्यांनी टोपी काढली. "मंग असं सांगावं ना. रामराम, पाव्हणे." खेळ झाल्यावर सोयाबीन परत पोत्यात जायला पाहिजे, कुणी घरी न्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं आणि ड्युटी संपली होती म्हणून एक डाव बसले. कल्याणरावांनी सगळं ढकललं. जमादारांनी पानं बघितली, उंबऱ्यातल्या उषाबाईंकडं बघितलं आणि पानं टाकली.

तिथून कल्याणरावांची मान जी ताठ झाली ती खाली येईना. पोलिसालाही ज्यानं पान टाकायला लावलं, त्याला चाकणच्या मशीनवर काय राहायचं?

ही गोष्ट भुजंगरावांना दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर समजली. वंदना हंडा भरत होती. हंडा भरून वाहायला लागला तरी ती उचलेना.

"आण्णा, हे नोकरी सोडू म्हणून राह्यलेत."

"कोण हे?"

"घरी दुसरं कोण हाय? पोकरचे मोठे डाव असतेत म्हणे, गोव्याला, आणखी कुठं कुठं. मित्र बोलवून राह्यलेत. सोमवारी कामावर गेले की राजीनामाच देणार. मी बोलले तर म्हणतेत, तुझ्या बापासगट सगळ्या गावाला मी हरवलंय, ते खोटं हाय का?"

भुजंगरावांनी नळ बंद केला. ते काय म्हणणार होते? ते खोटं आहे म्हणावं तर उषाबाईंनी राखलेला मान गेला. खरं आहे म्हणावं तर पोरीचा संसार गेला. वंदना त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "आण्णा, तुम्हाला येतंय ना खेळता? मंग काहून टाकता पानं?"

 भुजंगराव तिथून थेट भागवतांच्या गिरणीत गेले. गिरणी चालू होती, त्यामुळं सल्लामसलत ओरडून करावी लागली, आणि दळायला आलेल्या सगळ्यांना त्यात भाग घेता आला.

"हरवून टाका एकदाचं," भागवत ओरडले.

"महिना?"

"मंग महिना संपल्यावर हरवा."

"सोमवारी राजीनामा हाय."

"उषावहिनीला बसवा खेळायला."

"सासूनं हरवलं तर जास्तच वाईट."

"वंदनाला?"

"ती लक्ष्मी हाय या महिन्यात. नवऱ्याला हरवती का लक्ष्मी?"

दळणवाल्या एका बाईनं पत्ते चुलीत घालायचा सल्ला दिला. एकानं सांगितलं की लाईट गेल्यामुळं हे झालं, तर अर्ज लाईटच्या ऑफिसात द्यायला पाहिजे. द्वारकाबाई जोंधळे घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी हरवते. मला कुण्या शास्त्राचं भ्या न्हाई." मग पीठ घेऊन पायरीपर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "न्हाई व्हायचं भाऊ मपल्याच्यानं. उषानं मला उंबऱ्यात हात जोडल्ते."

रविवारी दुपारी शेवटचा खेळ बसला. संध्याकाळच्या गाडीनं पाव्हणे निघणार होते. पिशव्या भरून दारात ठेवलेल्या. उषाबाई अनारशाचा डबा बांधत उंबऱ्यात बसल्या होत्या, म्हणजे पहाऱ्यावरच. वंदना भिंतीला टेकून उभी. ती कुणाकडंच बघत नव्हती.

भुजंगरावांच्या हातात दोन नव्व्या आल्या, किलवर आणि चौकट. खाली इस्पिकचा राजा पडला, किलवरचा राजा पडला आणि बदामची नव्वी. पुढं चौकटची तिर्री, शेवटी बदामची सत्ती. तीन नव्व्या आणि दोन राजे. याला कल्याणरावांनीच शिकवलेलं नाव होतं, फुल हाऊस. भागवतांनी आणि द्वारकाबाईंनी सवयीनं आधीच टाकली होती.

कल्याणरावांनी दोन्ही हातांनी सोयाबीन पुढं सारलं. "ऑल इन. काय मामा, पाऊस येईल का आज?"

भुजंगरावांनी जावयाकडं बघितलं. पोरगा वाईट नव्हता. वंदनाला ताप आला तेव्हा रात्रभर जागला होता. त्याच्या हातात काही नव्हतं, हे भुजंगरावांना जितकं स्पष्ट दिसत होतं तितकं अंगणातलं तुळशीवृंदावनही दिसत नव्हतं. समोरचं सोयाबीन ढकललं की काम झालं. त्यांनी उंबऱ्याकडं बघितलं. उषाबाईंच्या हातातली दोरी थांबली होती. भिंतीकडं बघितलं. वंदनाही आता त्यांच्याकडंच बघत होती.

इतका वेळ त्यांनी कधीच कुठल्या पानावर घेतला नव्हता. बघ्यातला एकजण खोकला आणि शेजारच्यानं त्याला गप्प केलं.

"टाकली," भुजंगराव म्हणाले.

आणि त्यांनी पानं टाकली. पण उलटी नाही, सुलटी टाकली. किलवरची नव्वी, तिच्या शेजारी चौकटची नव्वी. बोटानं सरळ करून, खालच्या नव्वीला अगदी लावून ठेवली.

उषाबाई काही बोलायला गेल्या. भुजंगराव मागं न बघता म्हणाले, "हरवलं न्हाई ना मी? पानं टाकलीत."

कल्याणराव ती पानं बघत राहिले. मग हसले. "मामा, अहो, फुल हाऊस कुणी फोल्ड करतं का? तुम्हाला खेळ समजलाच नाही."

 कल्याणरावांनी हसत हसत स्वतःची पानं गठ्ठ्यात उलटी सरकवली. ती दाखवावीत असं त्यांना वाटलं नाही.

पुढचे तीनचार डाव साधेच गेले. पानंच कुणाला नव्हती. मग एका डावाला कल्याणरावांनी पुन्हा सगळं ढकललं आणि पावसाची चौकशी केली. द्वारकाबाईंनी पानं बघितली, भुजंगरावांकडं बघितलं, आणि टाकली ती सुलटी. खालची तीन धरून पाचही बदाम. "टाकली बाबा," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं भागवतांनी दोन गुलाम सुलटे टाकले. तिसरा खाली पडलेला होताच. "मी बी टाकली."

आता कल्याणराव हसेनात. ते त्या पानांकडं बघायचे, मग माणसांकडं बघायचे.

"हे असं... रोजच चाललं होतं?"

"रोज न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "मंगळवारी एकदा तुम्हाला खरंच चांगलं पान आल्तं."

"जमादार पण?"

"त्याइच्याकडं दोन राजे होते," भागवत म्हणाले. "गाडी चालू करताना सांगून गेले."

"मग कुणी बोललं का नाही?"

यावर सगळेच जरा अवघडले. इतक्या उघड गोष्टीचं काय सांगायचं असतं? शेवटी वंदनाच भिंतीपासून पुढं आली. "तुम्ही जावई ना," ती म्हणाली. "तुम्हाला कोण हरवणार हितं? गोव्यात तुम्ही कुणाचे जावई हायेत?"

 द्वारकाबाईंनी पानं वाटली. कल्याणरावांनी आपली दोन उचलली, बराच वेळ बघितली, समोरच्या सोयाबीनवर हात ठेवला, परत घेतला. मग पानं खाली ठेवली.

"टाकली," ते म्हणाले.

आठ दिवसांत त्यांनी टाकलेली ती पहिली पानं. बाकीच्या तिघांना पुढं काय करावं ते सुचेना. एकमेकांविरुद्ध खेळायची सवयच मोडली होती. पाच मिनिटं तसेच बसून तिघांनीही टाकली, आणि तो डाव कुणीच जिंकला नाही.

सोयाबीन पोत्यात गेलं. संध्याकाळी गाडीत बसताना कल्याणराव नेहमीसारखे सासऱ्याच्या पाया पडायला वाकले, आणि महिना उलटा असल्यामुळं भुजंगराव त्यांच्या पाया पडायला वाकले. दोघांची डोकी आपटली.  सोमवारी कल्याणराव पहिल्या पाळीला कामावर हजर झाले, असा वंदनाचा फोन आला. तो ऐकून भुजंगराव दुपारी व्यवस्थित जेवले. वाढलं मात्र त्यांचं त्यांनीच. नारायणाला चारचौघांत खाली बघायला लावलं म्हणून उषाबाई महिना संपेपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भांडी तेवढी बोलत होती.

भुजंगराव दोन हजार पंचवीस साली माघ महिन्यात, गुरुवारी सकाळी, चहा झाल्यावर घरीच वारले. द्वारकाबाई त्याच वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी गेल्या.